लाकूड फोडायचं मशीन: एवढंसं इंजिन १६ टनाचा जोर आणतं कुठून?

हल्ली छोट्या व्हिडिओंमध्ये हे मशीन सारखं दिसतं. आडवा लोखंडी सांगाडा, एका टोकाला जाड पाचर, दुसऱ्या टोकाकडून एक चकचकीत दांडा सावकाश पुढे येतो, मधे ठेवलेला ओंडका पाचरीवर दाबला जातो आणि टर्रर्र करत त्याचे दोन भाग होतात. माणूस नुसता लिव्हर धरून उभा. या मशीनला लॉग स्प्लिटर म्हणतात. बघणाऱ्याला दोन गोष्टी कळत नाहीत, एक म्हणजे गवत कापायच्या मशीनवर असतं तेवढं इंजिन आणि त्यावर लिहिलंय १६ टन, २० टन, २७ टन, हे कसं शक्य आहे, आणि दुसरं म्हणजे एवढा जोर असेल तर ते इतकं हळू का चालतं.

दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते मशीनपासून सुरू होत नाही, लाकडापासून सुरू होतं.

आधी लाकूड बघू

वर्तमानपत्राचं पान एका दिशेने फाडलं तर सरळ पट्टी निघते, दुसऱ्या दिशेने फाडलं तर वेडंवाकडं फाटतं, हे सगळ्यांनी केलेलं असतं. कारण कागदातले तंतू बरेचसे एकाच दिशेला झोपलेले असतात. लाकडाचं तसंच आहे, फक्त कितीतरी पटीने जास्त. झाडाच्या खोडात लांबट पेशी असतात, बारीक नळ्यांसारख्या, आणि त्या मुळाकडून शेंड्याकडे उभ्या रचलेल्या असतात. खराट्याच्या काड्यांची घट्ट जुडी डिंकात बुडवून सुकवली तर जे होईल ते म्हणजे खोड. काड्या म्हणजे सेल्युलोजचे तंतू, डिंक म्हणजे लिग्निन नावाचा पदार्थ.

आता ती जुडी आडवी तोडायची तर प्रत्येक काडी तोडावी लागेल, पण उभी फोडायची तर काड्यांना हातच लावायचा नाही, फक्त मधला डिंक सोडवायचा. म्हणून लाकूड उभं ओढून तोडायला जेवढा जोर लागतो त्याच्या वीसाव्या भागात, कधी त्याहूनही कमी जोरात, ते आडवं ओढून उकलतं. हे मशीन लाकूड तोडत नाही, उकलतं, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

अजून एक गोष्ट. ओंडक्याचं कापलेलं तोंड नीट बघितलं तर मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, ओकसारख्या झाडात तर नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतात. त्या पण पेशींच्याच पट्ट्या असतात आणि त्या रेघांच्या बाजूने लाकूड अजून सहज उकलतं. शिवाय लाकूड सुकताना गोलाईच्या दिशेने जेवढं आकसतं ते गाभा ते साल या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, त्यामुळे सुकलेल्या ओंडक्याच्या तोंडावर चांदणीसारख्या भेगा पडतात. लाकडाने स्वतःच दाखवलेली जागा आहे ती, पाचर तिथे लावावी.

सगळं गणित बिघडवते ती गाठ. गाठ म्हणजे खोडात रुतलेलं फांदीचं बूड, तिथे उभे तंतू फांदीला वळसा घालून जातात आणि फांदीचे स्वतःचे तंतू आडवे घुसलेले असतात. बेचक्यात तर दोन्हीकडचे तंतू एकमेकांत विणलेले असतात. एल्म नावाच्या झाडात किंवा निलगिरीच्या बऱ्याच जातींत गाठ नसली तरी धागा पिळाचा किंवा उलटसुलट असतो. अशा ठिकाणी नुसता डिंक सोडवून भागत नाही, खरोखर काड्या तोडाव्या लागतात. मशीनवर लिहिलेले ते मोठे टन लागतात ते यांच्यासाठी.

पाचर कापत नाही, फाकवते

बरेच जण विचारतात की पाचरीला धार किती लावायची. मी पण सुरुवातीला कानस घेऊन बसायचो. पण एकदा सावकाश चालणाऱ्या मशीनवर ओंडका कसा फुटतो ते वाकून बघा (बाजूने, लांबून, चष्मा लावून), पाचर साधारण दोन-तीन बोटं आत जाते आणि मग तिच्या टोकाच्या पुढे केसासारखी रेघ पळायला लागते. त्या क्षणापासून पाचरीचं टोक लाकडाला शिवतच नाही, मोकळ्या भेगेतून पुढे जातं. काम करतात ते पाचरीचे दोन गाल. ते दोन्ही बाजू ढकलत राहतात आणि भेग पुढे पुढे सरकते, जशी पिशवीची चेन एकदा सुरू झाली की उघडत जाते. म्हणून टोक फक्त शिरण्यापुरतं निमुळतं हवं, वस्तऱ्यासारखी धार नको.

ओलं लाकूड असेल तर अजून एक गंमत दिसते, पाचर रुतते तिथे बाजूने पाणी आणि फेस बाहेर येतो. एवढं पाणी लाकडात होतं हे त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी कळतं.

पाचर जोर वाढवते पण. समजा पाचर १५ सेंटीमीटर लांब आहे आणि मागे ५ सेंटीमीटर जाड आहे, तर ती १५ सेंटीमीटर आत गेली की लाकूड ५ सेंटीमीटर फाकतं. अंतर तिसरा हिस्सा झालं म्हणजे जोर तिप्पट झाला. प्रत्यक्षात यातला बराच भाग घर्षणात जातो, पण तत्त्व हे आहे.

तेलाची करामत

आता मुख्य प्रश्न, छोट्या इंजिनातून टनांचा जोर. इथे हायड्रॉलिक हा शब्द येतो, त्याचा अर्थ एवढाच की जोर दांड्या-चाकांनी न पोचवता बंद नळीतल्या द्रवाने पोचवायचा. ब्लेझ पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलं की बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे तेवढाच पोचतो. आणि १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने याच तत्त्वावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं. गाडीचा हायड्रॉलिक जॅक आणि हे मशीन दोन्ही त्याच घराण्यातले.

कल्पना करा, दोन पिचकाऱ्या एका नळीने जोडल्यात, एक बारीक आणि एक खूप जाड, आत तेल. बारीक पिचकारीचा दट्ट्या थोड्या जोराने दाबला तर तेलात जो दाब तयार होतो तोच दाब जाड दट्ट्याच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पडतो, आणि त्याच्याकडे चौरस सेंटीमीटर भरपूर आहेत. मशीनमध्ये बारीक पिचकारीच्या जागी इंजिनने फिरणारा पंप असतो आणि जाड पिचकारी म्हणजे तो लांब सिलिंडर.

हिशोब करून बघू. सिलिंडरचा आतला व्यास १० सेंटीमीटर धरा, म्हणजे दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ७८ चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला २०० किलो, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तीन माणसं उभी. ७८ गुणिले २०० केलं की १५,६०० किलो, झाले जवळजवळ १६ टन. यात कुठलीही जादू नाही आणि फुकट काहीच मिळालेलं नाही, कारण जाड दट्ट्या भरायला तेल पण तेवढंच जास्त लागतं, म्हणून तो हळू सरकतो. जोर कमावला, वेग घालवला.

तेलच का, हवा का नाही, असं कुणी विचारेल. हवा दबते, तेल जवळपास दबत नाही. म्हणूनच तेलाची पातळी कमी होऊन सिस्टिममध्ये हवा शिरली की दांडा गचके खात चालतो, पंप कर्कश आवाज करतो आणि तेलाला फेस येतो. नवीन तेल भरल्यावर ओंडका न लावता दांडा दोन-चार वेळा पूर्ण पुढे-मागे करायचा आणि मग पुन्हा पातळी बघायची, हे त्यासाठीच.

सायकलच्या गिअरसारखा पंप

या मशीनमधला मला सगळ्यात आवडणारा भाग पंप आहे. वरचाच सिलिंडर घ्या, दांडा ६० सेंटीमीटर पुढे जायला त्यात पावणेपाच लिटरच्या आसपास तेल जावं लागतं. पंप मिनिटाला ४० लिटर देत असेल तर सात सेकंदात काम झालं, छान. पण ४० लिटर तेल आणि २०० किलोचा दाब दोन्ही एकदम पाहिजे असेल तर इंजिन १८ हॉर्सपॉवरचं लागेल, आणि ते पण मधलं नुकसान न धरता. एवढं मोठं इंजिन कोण लावणार.

म्हणून बहुतेक पेट्रोल मशीनवर दोन टप्प्यांचा पंप असतो. सपाट रस्त्यावर सायकल मोठ्या गिअरमध्ये आणि चढ आला की छोट्या गिअरमध्ये, तसं. दांडा मोकळा चाललाय, लाकूड अडवत नाहीये, तोपर्यंत पंप भरपूर तेल कमी दाबाने देतो. लाकडाने अडवलं की दाब वाढतो, एका मर्यादेला पंप आपोआप दुसऱ्या टप्प्यात जातो, समजा मिनिटाला १० लिटर, पण पूर्ण दाबाने. आता तेच काम साडेचार हॉर्सपॉवरमध्ये होतं, नुकसान धरून पाच-सहा. तेवढंच इंजिन दिसतं ना व्हिडिओत.

मशीनजवळ उभं राहिलं की हा बदल ऐकू येतो. दांडा येतोय येतोय, ओंडक्याला टेकतो, इंजिनचा आवाज एकदम जड होतो, रबरी पाइप ताठ होऊन थरथरतो, दांडा जवळजवळ थांबल्यासारखा वाटतो, आणि मग आतून "कट्" असा एक आवाज येतो, इंजिन सुस्कारा टाकल्यासारखं हलकं होतं आणि दांडा पुन्हा पळायला लागतो.

आणि समजा लाकूड फुटलंच नाही तर? दाब वाढत वाढत पाइप फुटेल का? नाही, त्यासाठी रिलीफ व्हॉल्व्ह असतो, कुकरच्या शिट्टीसारखा, ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि तेल टाकीत परत जातं. पण तसं धरून ठेवायचं नाही, पाच-दहा सेकंदात फुटलं नाही तर मागे घ्या, ओंडका फिरवा, दुसऱ्या तोंडाने लावा, नाहीतर तेल नुसतं तापत राहतं.

"पण कुऱ्हाडीने एका घावात फुटतं, मग १६ टन कशाला?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. साडेतीन किलोची जाड कुऱ्हाड सेकंदाला दहा मीटरच्या वेगाने खाली आली आणि दोन सेंटीमीटरमध्ये थांबली तर सरासरी जोर निघतो ९०० किलोच्या आसपास. एक टन पण नाही, आणि सरळ धाग्याचा ओंडका तेवढ्यात फुटतो!

म्हणजे मशीन उगाच १६ टन लावतं का? तर नाही, ते १६ टन लावतच नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. तेलात दाब तेवढाच तयार होतो जेवढा लाकूड विरोध करतं. सरळ, बिनगाठीच्या ओंडक्याला पंप दुसऱ्या टप्प्यात जात पण नाही, दाब दाखवणारा काटा जेमतेम हलतो. १६ टन ही कमाल मर्यादा आहे, गाठाळ ओंडका आला तर वापरायला शिल्लक ठेवलेली ताकद. कुऱ्हाडीचा घाव क्षणाचा असतो, फुटलं नाही तर ती शक्ती गेली, पुन्हा उचला पुन्हा मारा. मशीन ढकलणं सोडत नाही, गाठीचे तंतू एक एक करून तुटेपर्यंत ढकलत राहतं.

त्यामुळे ज्याच्याकडे थोडी आणि सरळ लाकडं आहेत त्याला चांगली कुऱ्हाड पुरते, खरंच पुरते.

"जास्त टन म्हणजे जास्त चांगलं मशीन ना?"

नाही. एक तर टन दोन प्रकारचे आहेत, अमेरिकन टन ९०७ किलोचा, मेट्रिक १००० किलोचा, म्हणजे अमेरिकन २७ टन म्हणजे आपले साडेचोवीस. दुसरं, लेबलवरचा आकडा तुम्ही स्वतः तपासू शकता. सिलिंडरचा आतला व्यास आणि कमाल दाब विचारा आणि वरचा हिशोब करा. चार इंची सिलिंडर आणि चौरस इंचाला ३,००० पौंड दाब असेल तर अमेरिकन टनांत जेमतेम १९ निघतात. त्यावर २५ लिहिलेलं असेल तर दाब ४,००० च्या जवळ हवा, तो आहे का ते पंपाच्या माहितीत बघा. आणि त्याच पंपावर मोठा सिलिंडर लावला तर टन वाढतात पण दांडा अजून हळू होतो. दिवसभर सरळ लाकडं फोडणाऱ्याला त्याचा वैतागच येईल.

"फ्लायव्हीलवालं तर दोन सेकंदात फोडतं"

हो, ते वेगळ्या जातीचं मशीन आहे. त्यात तेल नसतं, दोन जड चाकं मोटरने किंवा इंजिनने सतत फिरत असतात, लिव्हर दाबला की त्यांच्यात साठलेली शक्ती दातेरी पट्टीतून दांड्याला मिळते आणि तो झटक्याने पुढे येतो. कुऱ्हाडीचाच मोठा भाऊ म्हणा. सरळ लाकडाला झकास, गाठीला अडला की थांबतो, पुन्हा मारावं लागतं. इंजिन बंद केल्यावरही चाकं बराच वेळ फिरत असतात हे विसरू नका. आणि तो फिरणारा टोकदार स्क्रू असलेला प्रकार, ज्यात ओंडका हाताने पकडून स्क्रूवर चढवतात, त्याच्यापासून मी लोकांना लांब राहायला सांगतो, बाही किंवा हातमोजा गुंतला तर तो सोडत नाही.

"एवढं हळू चालतं म्हणजे सेफ असणार"

हा समज सगळ्यात धोक्याचा. हळू चालणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही, आणि वर सांगितलं तसं, हे मशीन समोरच्या वस्तूच्या विरोधाइतकाच जोर लावतं. बोटाचा विरोध तो किती. आवाज पण बदलत नाही.

मी आणि माझा मित्र दिवसभर फोडत होतो, तो लिव्हरवर, मी ओंडके लावायला. लय छान जमली होती. संध्याकाळी एक ओंडका तिरका कापलेला आला, तो सरळ बसावा म्हणून मी तळहात त्याच्या मागच्या तोंडावर ठेवला, आणि मित्राने माझं "हं" ऐकलं असं त्याला वाटलं. मी काही बोललोच नव्हतो. दांडा आला, हातमोज्याच्या दोन बोटांची टोकं ओंडका आणि लोखंड यांच्यात गेली. मोजा ढिला होता म्हणून हात सुटला, मोजा तिथेच राहिला. दांडा मागे घेऊन तो काढला तेव्हा ती दोन टोकं कागदासारखी चपटी झाली होती.

तेव्हापासून नियम एकच: जो ओंडका लावतो तोच लिव्हर चालवतो, दुसरा माणूस लांब. चिरफळ्या उचलायला येतो तो सुद्धा दांडा मागे जाऊन थांबल्यावरच. ओंडका धरायचा तो बाजूने, तोंडावर कधीच हात नाही. युरोपातल्या सेफ्टी नियमांत म्हणूनच दोन्ही हात कंट्रोलवर असल्याशिवाय दांडा पुढे येऊ नये अशी रचना मागितली आहे. काही लोक एक लिव्हर पट्ट्याने बांधून एक हात मोकळा करतात, कृपा करून असं करू नका, तो मोकळा हात वाचवायलाच ती रचना आहे.

ओंडक्याची तोंडं काटकोनात कापलेली असावीत, तिरका ओंडका दाबाखाली उडतो. आडवा ठेवून, म्हणजे धाग्याच्या विरुद्ध, कधीच दाबू नका, तो उकलत नाही, फुटून तुकडे उडतात. डोळ्यांना चष्मा, पायात लोखंडी टोकाचे बूट. ४० सेंटीमीटर जाड आणि तेवढाच लांब ओला ओंडका सहज ५० किलो भरतो, असे मोठे असतील तर मशीन उभं करून वापरा, म्हणजे ओंडका उचलावा न लागता लोटून पाचरीखाली जातो. आणि पेट्रोल इंजिन बंद शेडमध्ये चालवायचं नाही, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

एक धोका फार कमी लोकांना माहीत असतो. पाइपला सुईएवढं भोक पडलं तर त्यातून येणारी तेलाची बारीक धार डोळ्यांना दिसत पण नाही, पण ती हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरते. बाहेरून नुसता ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखत पण नाही, पण आत तेल पसरून बोट, कधी हात गमवायची वेळ येते. असं झालं तर थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की प्रेशरचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय. गळती शोधायची ती पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून, हात फिरवून नाही. जॉइंट उघडण्याआधी इंजिन बंद करून लिव्हर पुढे-मागे करा म्हणजे अडकलेला दाब निघून जातो.

"मुळात फोडायचंच कशाला?"

कारण साल. झाडाने ती पाणी आत धरून ठेवायलाच बनवलेली असते, त्यामुळे अख्खा ओंडका वर्षानुवर्षं पडून राहिला तरी आत ओला निघतो. फोडला की आतला भाग उघडा पडतो आणि ओल जायला वाट मिळते. जळायला चांगलं लाकूड म्हणजे ज्यात २० टक्क्यांहून कमी ओल आहे. ताज्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं, आगीची उष्णता आधी ते पाणी उकळण्यात जाते, ज्वाला थंड पडते, लाकडातून निघणारे वायू अर्धवट जळतात आणि धूर होतो. तोच धूर धुराड्यात डांबरासारखा थर बनून चिकटतो, आणि हा थर पेटू शकतो.

सुकत घालताना चिरफळ्या जमिनीला टेकू देऊ नका, खाली दोन दांडे घाला, वरून झाका पण बाजू उघड्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. किती महिने ते झाडाच्या जातीवर आणि हवेवर. ओल मोजायचं मीटर असेल तर एक चिरफळी पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूवर टोचा, बाहेरून टोचलं तर आकडा बहुतेक वेळा कमी येतो. मीटर नसेल तर दोन चिरफळ्या हातात घेऊन एकमेकींवर आपटा. ओल्या असतील तर "थप्" असा बसका आवाज येतो, सुकल्या असतील तर "टण्ण".